चाळीस

उमरेड रोडवरची पाटी बदलली.
आधी ऐंशी, मग साठ,
आता चाळीस.
जुना आठ पांढऱ्या रंगाखालून अजून डोकावतो.

त्याच महिन्यात मोठी गाडी विकली.
थावरेचा पोरगा घेऊन गेला
गल्ली हादरवत.
पाटीपाशी तोही गप्प झाला म्हणे.

माझ्याकडे आता शंभर सीसी,
मोमीनपुऱ्यात जब्बारभाईनं उभी केलेली.
टाकीला पोचा. दोन किका वाया,
तिसरीला चोक.
चाळीसला ती जीव तोडून धावते,
मूठ पूर्ण पिळलेली, आरसा थरथरतो,
आणि गुन्हा काहीच नाही.
मोठी चाळीसला नुसती कण्हायची.

पाचगावच्या पुढं काल एका बाईनं हात दाखवला.
मांडीवर मिक्सर, दुरुस्तीहून आणलेला.
"भाऊ, इतकी हळू काऊन चालवता?"
म्हटलं, "बाई, ही फुल्ल हाय."
ती हसली तसं
मिक्सरचं भांडंही खुळखुळलं.

कुही फाट्याच्या अलीकडं
एक विहीर आहे.
तिच्याच कठड्यावर बोअरवेलवाल्यानं
निळ्या रंगात नंबर लिहिलाय.
अकरा वर्षं जातोय इथून.
शेवटचे दोन आकडे
काल वाचता आले.