जाळरेषा

होळीची राखही निवू देत नाही असा वारा.
हरसूलच्या वर सागाची पानं पापडासारखी वाजतात,
ससा पळाला तरी माणूस आल्यासारखं.

परशा भोयेनं माघातच जाळरेषा काढली,
पहाटे, दव असताना जाळून,
डोंगराचा सहा हाती भांग.
नाशिकच्या ऑफिसातून रोज मेसेज येतो: वारा जोरात.
माझ्या सासऱ्याच्या कानामागची विडी
तो सकाळी काढून घेतो,
संध्याकाळी घरी आणून देतो.

मोहाखालचा पाचोळा पेटवला
की काळ्या भुईवर फुलं नीट दिसतात.
आमची सगळ्यांची वेचायची रीतच ती.
गेल्या साली एक ठिणगी ओहोळ ओलांडून गेली,
तीन रात्री डोंगर लाल.
कुणाची, ते गावात कुणी विचारलं नाही.

माझी होती.

यंदा बुंध्याशी खराट्यानं झाडून घेतलं,
सासूची दोन जुनी लुगडी अंथरली.
रात्रभर वारा. पत्रा वाजत राहिला.
उडाली असतील म्हणून अंधारातच गेले,
तर लुगडी जागच्या जागी, फुलांनी जड,
आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दगड.

मी ठेवले नव्हते.