जाळरेषा

पालच्या पुढे रेंज नाही,
हे आधीच सगळ्यांना माहीत होतं,
तरी प्रत्येकानं एकदा
मोबाईलचा हात उंच करून पाहिला.

आम्ही सतरा जण, सावदा-फैजपूरचे.
दोन दिवस, एक रात्र, चार तंबू,
त्यातल्या एकाचे खांब घरीच राहिलेले.
भरताच्या वांग्यांचं पोतं,
आणि छापून तयार असलेली प्रमाणपत्रं,
फक्त सही व्हायची बाकी.

मुराद तडवी, वनमजूर,
अठ्ठावीस वर्षं रोजंदारीवर,
आम्हाला ओळीत उभं करून म्हणाले,
आग नाल्यातनं वर चढते.
खायला नाही मिळालं की बसते खाली.
तिला इथं उपाशी ठेवायचं. इतकंच काम.

इतकंच.
सागाची पानं ताटाएवढी,
पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखी वाजत.
इथं लपून कुणी चालूच शकणार नाही,
वाघ सोडून, असं हेमकांत म्हणाला,
आणि मग अर्धा तास
कुणीच मागे रेंगाळलं नाही.

फडे, फावडी, विळे.
दुपारपर्यंत तळहाताला फोड आले
आणि आम्ही ते एकमेकांना दाखवले,
वायकोळ्यांच्या तेजूनं तर मोजून.
सलईच्या सालीवरून ऊन सरकत गेलं.
एक पळस समोरच फुलला होता,
धूर नसलेला, कुणाला न जाळणारा.
मुरादभाई त्याच्याकडे
एकदाही बघत नव्हते.

रात्री भरीत.
जंगलातली काडी मोडायची नाही,
म्हणून जितूनं घरून आणलेल्या पऱ्हाट्या
नाक्याजवळच्या मोकळ्या जागेत पेटवल्या.
वांगी फुटली, तेल सुटलं,
कळण्याच्या भाकरीवर मिरची हुळहुळली.
अंताक्षरी 'ळ'वर अडली, तिथंच झोपली.
मला मात्र रात्रभर ऐकू येत होतं,
मुरादभाई राखेवर पाणी टाकतायत,
थांबतायत,
पुन्हा टाकतायत.

दुसऱ्या दिवशी हेमकांतनं पावलांनी मोजलं,
सहाशे चाळीस.
टाळ्या झाल्या. फोटो झाला.
मुरादभाईंच्या वाट्याला
असं अकरा किलोमीटर होतं,
ते त्यांनी विचारल्यावर सांगितलं,
आणि म्हणाले, लई छान केलं पोरांनो.

टेम्पोत बसल्यावर आठवलं,
बाबांची रेल्वेतली पाण्याची बाटली
सागाच्या बुंध्याशी राहिली.
मी धावत परत गेले.

मुरादभाई वाकले होते
आमच्या सहाशे चाळीस पावलांवर.
आम्ही सगळा पाला लोटला होता
आतल्या बाजूला,
ज्यांना वाचवायचं त्याच झाडांच्या बुडाशी,
नीट, रचून, सरपण घालावं तसा.
ते तो ओढत होते मधोमध,
एकेक कवळ,
कुणाला हाक न मारता.

मला पाहून ते सरळ झाले.
वारा फिरला ना रात्री, बेटा,
म्हणून जरा.

रात्री वारा नव्हता.
तंबूचं कापडही हललं नव्हतं.

मी बाटली उचलली.
फडा उचलला.
चार कवळ ओढले असतील, नसतील,
टेम्पोनं हॉर्न दिला,
मग पुन्हा दिला.
जा, ते म्हणाले, घरचे वाट पाहतील,
आणि माझ्या हातातून फडा
त्यांनी असा काढून घेतला
जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या हातातलं
खेळणं काढतं.

प्रमाणपत्र कपाटात आहे.
त्यावर माझं नाव बरोबर आहे,
बाकीचं मी कुणाला वाचून दाखवत नाही.

आता एप्रिल.
आम्ही गच्चीवर झोपतो.
खाली केळीची पानं
गरम झळांनी चिरून दोऱ्या झालीत.
उत्तरेला सातपुडा, अंधाराहून थोडा जास्त काळा.
कधी कधी त्याच्या अंगावर
एक बारीक लाल रेघ उमटते,
सरकते, वाकते,
आणि मी अंथरुणात उठून बसते.
कुठं थांबेल, ते इथून कळत नाही.

आई विचारते, काय बघतेस गं?
मी बोट ओलं करून वर धरते.

वारा, म्हणते.
कुठून येतोय ते.