तीन बोटं समुद्र

मुहर्रकच्या गोदामात एकशे चाळीस पृथ्व्या आल्या,
खोक्यात दोन-दोन, थर्माकोलच्या भुशात.
पावतीवर लिहिलेलं : शालेय साहित्य, नाजूक.

माझं काम एवढंच,
एकेक पृथ्वी मांडीवर घ्यायची,
इथल्या पाण्याच्या नावातला पहिला शब्द
काळ्या मार्करनं झाकायचा
आणि शाई वाळेपर्यंत तिला धरून बसायचं, गरगरू द्यायचं नाही.
‘आखात’ तेवढं उरतं.
आमच्या वाडीत तरी पहिला शब्द कोण घेतं?
“थोरला कुठे असतो?”
“आखातात.”
कुवेत, दोहा, मनामा, सगळी त्या एका शब्दाभोवती
एकाच ताटात जेवायला बसतात.

बू राशिद दाराशी खुर्ची टाकून असतात.
त्यांच्या हातात एक गोल दिला,
त्यांनी निळ्यावर टिचकी मारली, कलिंगड बघावं तशी.
“आत काहीच नाही,” म्हणाले.
“हे वरवरचं झालं. खोली कुठाय?
माझा बाप नाकाला चिमटा लावून खाली जायचा.
खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडा झरा,
त्याच्या तोंडावर कातडी पिशवी धरून
प्यायचं पाणी वर आणायचा.
तो झरा दाखव.”
मी शोधल्यासारखं केलं.
त्यांचा अख्खा देश टिंबाएवढा
आणि नाव देशाहून मोठं, म्हणून समुद्रात लिहिलेलं.

ऑफिसच्या भिंतीवर जुना नकाशा आहे, सपाट.
त्यात आमची खोली पाण्यात येते.
भराव नंतर पडला, रस्ता त्याच्याही नंतर.
त्या फिक्या निळ्यात आम्ही सहाजण
दुमजली खाटांवर झोपतो.
एसी गळायला लागला की मोतालिब म्हणतो,
नकाशा खरं बोलतोय.

शुक्रवारी पोळ्या माझ्याकडे.
गोळा तळहातात असतो तोवर सगळीकडून सारखा.
लाटणं फिरलं की कडा पसरतात, मग चिरतात,
मध्य आहे तसाच राहतो.
भिंतीवरचं ग्रीनलँड असंच लाटलंय,
पार आफ्रिकेच्या तोडीस तोड, कडेला सापडलं म्हणून.
गोल ते सपाट करायचं
तर कुठेतरी ताणावं लागतं, कुठेतरी फाडावं.
फोनवर मीही तेच करतो,
“बरं चाललंय” एवढं पातळ लाटून पाठवतो घरी.
शमीम कडेवरून ओळखते.

एकशे एकोणचाळीस गेल्या शाळांना.
एक फोर्कलिफ्टच्या पात्याखाली आली होती,
ती मला मिळाली. भंगार.
कल तेवढा शाबूत, साडेतेवीस अंश,
पलीकडच्या खोलीतलं ऐकायला
कान तिरका केलेल्या माणसासारखी उभी राहते.

रात्री बटणाचा दोरा काढला.
चांगल्या पृथ्वीवर आधी मोजून ठेवलं होतं :
मुहर्रक ते दाभोळची खाडी
(दाभोळ छापलेलं नाही,
मुंबईच्या टिंबाखाली नखाच्या कडेएवढं, अंदाजानं)
तीन बोटं.
एका बोटात किती किलोमीटर बसतात
ते टेकबहादूरनं मोबाईलवर काढून दाखवलं,
मी विचारलं नव्हतं.

या चेपलेल्या पृथ्वीवर मात्र
अरबी समुद्राला निरी पडलीय.
पाणी पाण्यावर दुमडलंय.
दोरा ताणला.
अडीच.

दिवा जवळ घेऊन पुन्हा ताणला.
अडीचच.

मोतालिब वरच्या खाटेवरून वाकला,
“दे इकडे. गरम पाण्यात धरली की
फुगून येते वर, पिंगपाँगच्या चेंडूसारखी.
एका मिनिटाचं काम.”

मी म्हटलं, राहू दे,
उद्या बघू.