एकवीस बैल

हेळवी आता बैलावर बसून येत नाही.
बसलिंगाप्पा मोपेडवरनं येतो,
हँडलला मात्र बापाच्या नंदीची घंटा,
आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात
दूधवाल्याच्याही आधी ती वाजते.

मी पोतं अंथरते. तो वही उघडतो,
पण वहीत बघत नाही.
डोळे मिटून चाकोत्यांच्या सात पिढ्या म्हणतो,
अर्ध्या कानडीत, अर्ध्या आपल्या बोलीत,
मध्येच चहाचा घोट:

"धाता संवत्सर. जतच्या पल्याड
आडात दोर सोडला तर दोर कोरडाच वर.
रुद्राप्पानं दाराला कुलूप घातलं न्हाई,
दारच उचकटून गाडीवर टाकलं
आन् म्हणाला, सूर्य जातोय तिकडं पाणी असंल.
सतरा गाड्या निघाल्या मावळतीकडं.
मिरजंला चौदा.
अंकलीला नदीच्या वाळूत दोन रुतल्या त्या रुतल्याच.
एक माघारी फिरली, त्यांचं पुढं ठावं न्हाई.
हातकणंगल्याच्या अलीकडं रुद्राप्पाचा बैल बसला,
उठला न्हाई.
मग जू त्यानं सोताच्या खांद्यावर घेतलं, ताई,
सोताच्या!"

इथं तो दर वेळी थांबतो.
इथं दर वेळी माझे वडील
पायलीभर जोंधळ्यावर एक चिपटं जास्त घालायचे.

एकतीस वर्षं मी घरफाळ्यात काढली.
कागद बघितल्याशिवाय कुणाचं ओसरीचं मापही मानलं नाही.
निवृत्त झाले तशी मोडी शिकायला बसले,
पोरासोरांच्या वर्गात, शनिवार-रविवार.
अक्षरं वळवळायची, चष्मा बदलला, दोन पावसाळे गेले.
आणि एका सोमवारी दफ्तरखान्यात
लाल फडक्याच्या गाठोड्यातनं
शिरोली नाक्याचा कागद निघाला,
कडेनं कसर लागलेला.

गाडे अकरा.
बैल एकवीस.
तांबडे सहा, बांडे पाच, बाकी पांढरे,
पैकी एकाचे शिंग मोडके.
लाकडी दार एक, जकात माफ.
पुरुष चौदा, बायका नऊ, पोरे मोजली नाहीत.
रुद्राप्पा वल्द कल्लाप्पा, तापाने गाड्यात निजून.
बाई एक,
उजवा खांदा सोललेला, हाड दिसते.
हळद व तेल दिले.

मी परत वाचलं. बोट ठेवून वाचलं.
शेजारी कुणीतरी खुर्ची सरकवली,
बाहेर वडापवाला कागल, कागल म्हणून ओरडत होता.
अकरा गाड्यांना बैल लागतात बावीस.

खांद्याची जखम वारशानं येत नाही,
एवढं मलाही कळतं.
आमच्या शिंपिणीचं, अख्तरबीचं म्हणणं,
ताई, तुमचा उजवा खांदा अर्धा बोट खाली आहे,
तर तो एकतीस वर्षं फायली वाहून असेल.
तरी त्या दुपारी मी पर्स डाव्या खांद्यावर घेतली
आणि चालत घरी आले.

त्या कारकुनाचा राग यावा, तर तोही येईना.
त्यानं निदान हाड बघितलं.
मी तर दारोदार फिरून
कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात पुरुषाचं नाव लिहीत आले,
आतून भाकरीच्या हातानं बाई बाहेर यायची,
पावती तीच घ्यायची, पैसेही तीच द्यायची.
मी विचारलं नाही. रकाना नव्हता.

या वर्षी बसलिंगाप्पा आला तेव्हा
त्याला कागदाची नक्कल वाचून दाखवली.
चहा गार झाला. घंटेला हात लावून बसला.
मग म्हणाला, "आमच्या आज्ज्याचा आज्जा खोटं सांगत न्हवता.
त्याला जेनं सांगितलं, तेनं तसं सांगितलं असंल."
मग म्हणाला, "लेकीसुना आमच्या वहीत नसत्यात."
मग बराच वेळ काही नाही.
मग खिशातलं पेन काढून, टोपण दातात धरून:
"सांगा. नाव काय घालू?"

नळाला पाणी आलं होतं, बोळभर बादल्यांचा आवाज.
मी आठवायला लागले,
जणू मला ते कधी माहीत होतं.

त्यानं रुद्राप्पाच्या शेजारी
दोन बोटं जागा सोडली
आणि खालची ओळ लिहायला घेतली.