रात्री किती?

उद्यमनगरात एकतीस वर्षं
आप्पांनी दुसऱ्यांच्या कामातले दोष काढले.
कास्टिंग उचलायचं, उजेडाकडे तिरकं धरायचं,
अंगठा फिरवायचा
आणि खडूनं फुली.
"वरनं रंग कुणीबी मारतंय.
भोक आत असतंय."

आता त्यांचा उजवा अंगठा हलत नाही.
म्हणून त्यांचीच जुनी वही घेऊन मी निघाले,
मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारून:
खाटा. माणसं. दिवसा. रात्री.

पहिलं कळंब्याचं.
फरशी इतकी चकचकीत
की वॉकर असून माणसं भिंत धरून चाललेली.
हुद्दार साहेबांनी माहितीपत्रक दिलं, लिंबू सरबत दिलं,
देवघर दाखवलं, मोठा टीव्ही दाखवला.
"माणसं किती आहेत?"
"भरपूर."
भरपूर कुठल्या रकान्यात लिहायचं?
"रात्री किती?"
"रात्री सगळे झोपलेलेच असतात, मॅडम."
मी एका आजोबांचं पांघरूण पायाकडून उचललं.
टाच काळीनिळी, मधे रुपयाएवढी जखम.
"येतानाच होती," साहेब म्हणाले.

फुली.

दुसरं उचगावात, खाली टायरचं दुकान, वर बावीस खाटा.
चार पोरी, गणवेश, छातीवर नावाच्या पट्ट्या.
'प्रियांका' म्हणून हाक मारली तर वळेना.
"पट्टी आधीच्या बाईची हाय. मी सोमवारी आलो."
आणि ती आधीची?
"गणपतीत आल्ती म्हणं."
दाराशी तक्ता, कुणाला कधी पाणी पाजलं त्याचा.
उद्या सकाळच्या सह्यासुद्धा झालेल्या.

तिसरं शियेकडं, उसाच्या बांधाला लागून.
भिंतीला ओल, गाद्या दबलेल्या,
वाऱ्यावर गुऱ्हाळाचा गोड धूर.
खाटा एकोणीस. रात्री: एक.
मालन घस्ते.
पेन टेकवलंच होतं फुलीसाठी,
तर ती एका बाईंना उजवीकडे वळवत म्हणाली,
"ह्यांना डावी कूस चालत न्हाई, रडत्यात.
त्या मास्तरांना दूध चमच्यानं, हनुवटी खाली धरून,
वर केली की ठसका.
आणि कोपऱ्यातले पैलवान दोनला उठत्यात,
तालमीला जायचं म्हणून.
मी सांगतो, आज सोमवार, तालीम बंद."
"आणि मंगळवारी?"
"मंगळवारीबी सोमवारच की."

"एकटी पुरता तुम्ही?"
"न्हाई पुरत.
एकाला धरस्तोवर दुसरं पडतंय.
मागल्या महिन्यात पडलं एक.
मालकाला म्हणून दमलो, अजून एक बाई द्या."
तीन ठिकाणी मिळून पहिलं खरं उत्तर,
आणि माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

मग हात पुसत तिनंच विचारलं,
"तुमच्या घरात रात्री किती हाईत?"

मी पेनाला टोपण लावलं. काढलं.
एक.
एक खाट, एक माणूस.
कुठल्याही तक्त्यात पहिला नंबर.
आणि गेल्या गुरुवारी पहाटे
आप्पा न्हाणीच्या उंबऱ्यावर पाऊण तास पडून होते,
मी शेजारच्या खोलीत
मेल्यासारखी झोपलेली.

केएमटीत बसल्यावर वही पुढून उघडली.
आप्पांचं अक्षर, तेलाचे डाग.
पास आणि फुली यांच्या मधे
एक तिसरा शब्द सगळीकडे पसरलेला: रिवर्क.
त्याखाली बारीक अक्षरात,
दुरुस्त करून परत दाखवणे.

तिसऱ्यापुढं तोच लिहिला.
खाली आणखी एक ओळ ओढली, आमच्या घराचा पत्ता.
तिथंही तोच.

घरी आले. शेजारच्या काकू उठून गेल्या.
आप्पा पाठीवर, डोळे पंख्याकडे,
तीन महिने मी ठेवते तसे.
"आप्पा, कुठली कूस बरी वाटते?"

बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले.
मग डावा अंगठा
चादरीवरून हळू
सरकायला लागला.