दुसरी सीट

झुरिकचा माणूस टेबलावर फोटो मांडतो,
पत्ते वाटावेत तसे.
नंबर एकच आहे, सिन्योरा, म्हणतो, आणि गाड्या दोन.
एक जपानात, कुणा दंतवैद्याकडे.
दुसरी लुगानोत, तळघरात,
तिच्यासाठी हवासुद्धा मोजून सोडतात.
दोघेही शपथेवर सांगतात, आमचीच खरी.
तुमचे यजमान त्या कारखान्यात होते ना?

होते. आदेल्मो. पत्रा ठोकायचा.
वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर अल्युमिनियम ठेवून
तीन टोले, मग श्वास. तीन टोले, मग श्वास.
डोळे मिटून हात फिरवायचा,
टरबूज पिकलंय का बघतात तसा.

गाडी शर्यतीची. एका माणसापुरती.
उजवीकडे बसायला खोबण,
डावीकडे पत्र्याचं झाकण नि खाली अंधार.
दोन वर्षं धावली, तिसऱ्या वर्षी नियम बदलले.
मालक म्हणाला, रस्त्यासाठी करून विका.
रस्त्यासाठी म्हणजे हॉर्न.
मागे लाल दिवा. काचेवर एक वायपर,
जो इन्स्पेक्टरसमोर दोनदा हलला आणि गळून पडला.
त्यानं तो उचलून बॉनेटवर ठेवला
आणि सही केली. भला माणूस.
छप्पर नाही. ते कुणाला सुचलंच नाही.
आणि शेजारी, दुसरी सीट.

झाकणावर आदेल्मोनं खडूची रेघ ओढली,
करवत लावली,
आणि काढली. बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला.
स्वतः घडवलेला पत्रा स्वतः कापायचा.
दार केलं एवढंसं,
पाय उचलून आत टाकावा लागे.

सीट मी शिवली. स्वयंपाकघरात,
चामडं मांडीवर घेऊन, झोपलेल्या बकरीसारखं.
काळा दोरा पाठीच्या कडेला संपला.
रविवार. दुकान बंद. मंगळवारी गिऱ्हाईक.
घरात निळा होता, मुलीच्या फ्रॉकचा.
आतल्या बाजूनं, कुणी बघणार नाही तिथं,
वीतभर निळी टीप.

सोमवारी पहाटे म्हणाला, चल,
चाचणीला सीटवर वजन हवं.

त्या गाडीला हळू जाता येत नव्हतं.
बीटच्या ट्रॉलीमागे अडकलो नि ती उकळायला लागली.
पॉपलरच्या रांगेपाशी, धुक्यात,
बॉनेट उघडं टाकून अर्धा तास उभे राहिलो.
आदेल्मो मितभाषी. लग्नातसुद्धा "हो" एवढंच म्हणालेला.
त्या अर्ध्या तासात तो काय काय बोलला
ते झुरिकच्या माणसाला मी सांगत नाही.

मग रस्ता मोकळा झाला.
डोक्यावरचा रुमाल गेला, कुठे गेला देव जाणे.
तोंड उघडलं की वारा आत,
मी हसत होते की किंचाळत होते
ते मलाच ऐकू येत नव्हतं.

भिंग दे, म्हणते.
जपानवाली. सीटचं कव्हर सोडवून काढलेला फोटो.
निळा. फिकुटलेला, पण माझाच,
शेवटची गाठ घाईची.
लुगानोवाली. तिच्या सीटला सगळा काळा दोरा,
मशीनचा, सरळ, मुडद्यासारखा.
पण दाराच्या आतल्या पत्र्यावर
तीन खुणा, मग मोकळी जागा. तीन खुणा, मग मोकळी जागा.
भिंग धरलेला हात थोडा हलतो. वयानं.

म्हणजे? तो विचारतो.
म्हणजे माझी सीट तिकडे आणि त्याचं दार इकडे.
कुणीतरी कधीतरी एकीच्या दोन केल्या,
आणि दोन्हींत अर्धं अर्धं खोटं भरलं.

पण मला एकच नाव लिहायचं आहे, सिन्योरा.
टोपण काढलेलं पेन तसंच हातात.
त्याच्या कागदावर किती शून्यं आहेत
मला चष्म्याशिवायही दिसतात.

मी कॉफी ओतते. साखर पुढे सरकवते.
लिही, म्हणते, सीटवरचं वजन अस्सल होतं.
एक्कावन्न किलो.
आता किती ते विचारू नकोस.