पेव

लातूरच्या मोंढ्यात, वजनकाट्यावर बसून
तीस वर्षं दुसऱ्यांचंच वजन केलं:
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधलं सोयाबीन.
स्वतः काट्यावर चढलो
ते मोमीन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात.
"अप्पा, पोटावर साठा फार झालाय."

साठा म्हटल्यावर गावाकडचं पेव आठवलं.
बहात्तरला त्यातल्या ज्वारीवर
चौदा माणसं जगली म्हणे.
अंगाला कुणी सांगितलंच नाही
की तो दुष्काळ सरला,
आता फरसाण आहे, फिरती खुर्ची आहे.
ते आपलं भरतच राहिलं,
इमानदार बिचारं.

आता पहाटे क्रीडा संकुलाला फेऱ्या मारतो.
पहिले पंधरा दिवस नुसती धाप.
पेव उघडलं तरी लगेच आत उतरत नाहीत,
कोंडलेली वाफ आधी जाऊ द्यावी लागते.
मग मांड्या मागू लागल्या, पोट देऊ लागलं,
पायलीनं नाही,
चिपट्या-चिपट्यानं.

तीन महिन्यांत काटा दोनच किलो हलला.
पट्ट्याला मात्र खिळा तापवून
दोन नवी भोकं पाडली.
बाई म्हणाल्या, चरबीच्या कोठ्या मोडत नसतात,
नुसत्या रिकाम्या होतात.
थांबलात की भरतील.

असू देत.
सातला पहिला ट्रक येतो.
अजून दोन फेऱ्या बाकी आहेत.